तिसऱ्या भागातली खार

मंगळवार, ४ मार्च

लोकांचे मोडलेले पाय चालते करणं हा माझा धंदा, आणि काल मी स्वतःचाच घोटा मोडून घेतला. तोही कसा, तर दवाखान्यात एका आजोबांना एका पायावर तोल कसा सांभाळायचा ते दाखवताना. आजोबा ठणठणीत उभे राहिले, मी पडले. मला उचलायला सगळ्यांत आधी तेच धावले.

हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि मी रोज पेशंटना जे सांगते तेच मला ऐकवलं: पाय उंच ठेवा, चिडचिड करू नका. नवरा कुबड्या घेऊन आला. तो शाळेत भूमिती शिकवतो. कुबडी आणि जमीन यांच्यात कोन किती हवा यावर जिन्याखालीच शिकवणी सुरू केली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. मी बसून, एकेक पायरी मागे सरकत वर आले. शेजारच्या काकू दार उघडून बघत होत्या.

कंटाळ्याने डोकं फिरू नये म्हणून हे लिहायला घेतलंय. रोज लिहीन असं काही नाही.

गुरुवार, ६ मार्च

धाकटा भाऊ येऊन गेला. खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत तो हलती चित्रं करतो. आजारी बहिणीला भेटायला येताना माणूस फळं आणतो. हा लॅपटॉप आणि दोन कंट्रोलर घेऊन आला. म्हणाला, "ताई, तुझी जुनी मैत्रीण आणलीय."

पडदा उजळला आणि मी ओरडलेच. खार!

'सात मनोरे'! बाबांच्या ऑफिसातून मोडीत निघालेला एक संगणक आमच्या घरी आला होता, त्यावर हा खेळ खेळून खेळून आम्ही दोघांनी बाणांची बटणं गुळगुळीत केली होती. एक बाई असते, तिला मनोऱ्यांवर चढायचं असतं. बंदूक नाही, तलवार नाही. धावायचं, उडी मारायची, कठड्याला लटकायचं, झोका घेऊन पलीकडचा खांब पकडायचा. चुकलं की थेट खाली. खेळात तिला नावच नाही. आम्ही तिला खार म्हणायचो. एकामागून एक चार भाग आले आणि चारही आम्ही पार केले. चौथा आपण एकट्याने केला असं धाकटा अजून सांगत फिरतो. साफ खोटं आहे.

त्याची कंपनी आता चारही भाग नव्याने आणतेय. चित्रं नवी, हालचाली जुन्याच. पण तिसऱ्या भागाशी त्यांचं घोडं अडलंय.

"बटण दाबलं की पहिल्या दोन भागांत खार लगेच उडते. तिसऱ्यात लांब उडीच्या आधी जरा थांबते. उतरतेही काहीतरी विचित्र. खेळून बघणारे सगळे कुरकुर करतायत, पण नेमकं काय बिघडलंय ते कुणाला सांगता येत नाही. तुझा जन्म लोकांच्या चाली बघण्यात गेलाय, तू बघ ना."

बघते म्हटलं. त्याने सांगितलं नसतं तरी बघितलंच असतं.

रविवार, ९ मार्च

पहिला भाग संपला. सगळं बोटांना आठवतंय, मला नाही. कुठल्या कठड्यावरून मागे वळून लटकायचं हे मला विचारलं तर सांगता येणार नाही, पण अंगठा आपोआप खाली जातो.

लहानपणी एक गोष्ट लक्षात आली नव्हती: ही खार खरी आहे. म्हणजे कुणीतरी खरी बाई आहे. कठड्यावर चढताना ती आधी डावं कोपर टेकवते, मग छाती, मग गुडघा. उतरली की गुडघे मऊ सोडते, खांद्यावरून पुढे कोलांटी घेते आणि त्याच झोकात उभी राहते. असं कुणी मनाने काढू शकत नाही. धाकट्याला फोन केला. म्हणाला, बरोबर ओळखलंस. त्या काळी एका रिकाम्या गोदामात गाद्या टाकून एका कसरत करणाऱ्या बाईचं चित्रण केलं होतं आणि मग एकेक चित्र थांबवून त्यावरून रेघा ओढल्या होत्या. शेवटी येणाऱ्या नावांत तिचं नाव नाही, 'उड्या: सर्कशीतल्या बाई' एवढंच आहे.

इतकी वर्षं मी एका खऱ्या बाईला खड्ड्यात पाडत होते तर.

बुधवार, १२ मार्च

सापडलं!

आज दिवसभर दुसरा आणि तिसरा भाग शेजारी शेजारी लावून बघितले. नवरा शाळेतून आला तेव्हा सकाळचा चहा तसाच पडलेला होता. तिसऱ्यातली बाई तीच आहे, कोपर तसंच टेकवते. पण:

उतरताना पाय फाकवून उतरते. पुढची कोलांटी पूर्ण बंद, त्याऐवजी एका बाजूवर, मांडीवर कलंडते. कठड्यावर चढताना छाती आणि पोट टेकवायचं टाळते, अंग वळवून बाजूने चढते. कंबरेचा बाक वाढलाय. लांब उडीच्या आधी ती थांबते, हात कमरेशी जातो, आणि मग उडते.

निदान: खुब्याची जुनी दुखापत, बहुतेक डावा. खुबा वाचवायला सगळा भार कंबरेवर टाकतेय. अगदी पुस्तकात दिलेलं असतं तसं. बिचारीला काय यातना होत असतील.

धाकट्याला सविस्तर लिहून पाठवलं. फार दिवसांनी डोकं चालवल्यासारखं वाटलं.

शनिवार, १५ मार्च

कंपनीत माझा उदोउदो चाललाय. त्यांची दिग्दर्शिका म्हणाली, म्हणजे मुळात दुखऱ्या माणसाचं चित्रण झालं होतं; मग जपून ठेवायचं कशाला? दुसऱ्या भागातल्या निरोगी उड्या तिसऱ्यात बसवणार. थांबणंही काढून टाकणार. "ताई, तू आमचं वर्षभराचं दुखणं बरं केलंस," धाकटा म्हणाला.

मला बरं वाटलं, का वाटू नये? पण एक किडा डोक्यात शिरलाय. तिचा खुबा पुढे बरा झाला का? कुणी केला?

मंगळवार, १८ मार्च

धाकट्याने कंपनीच्या कपाटातली मूळ चित्रणं आणून दाखवली. मी तर डोळ्यांची पापणी लवू दिली नाही.

पंचवीस-सव्वीस वर्षांची बाई, आखूड केस, नाक थोडं वाकडं. दुसऱ्या भागाच्या वेळी घट्ट बनियन आणि कमरेला पट्टा. तिसऱ्याच्या वेळी ढगळ शर्ट, बहुधा कुणा पुरुषाचा. सारखी पिशवीतून काही ना काही काढून खात असते. एकदा उडी अर्धवट सोडून तोंडावर हात धरून पळत बाहेर गेली आणि तोंड पुसत परत आली. दुखणं थांबवायच्या गोळ्यांनी पोट बिघडतं, मी पेशंटना नेहमी बजावते. कॅमेरावाला काहीतरी साधी थट्टा करतो, तर हिच्या डोळ्यांत पाणीच आलं. सततच्या वेदनेने माणूस हळवा होतो. शेवटच्या चित्रणापर्यंत वजनही थोडं वाढलंय. व्यायाम कमी झाला की व्हायचंच.

नवऱ्याने मागे उभं राहून थोडा वेळ बघितलं.

"तिचं लग्न झालं होतं का?" त्याने विचारलं.

"त्याचा खुब्याशी काय संबंध?"

"नाही, सहज," म्हणाला आणि पेपर तपासायला गेला. भूमितीवाल्यांना मधेच काय सुचेल ते सांगता येत नाही.

गुरुवार, २७ मार्च

त्या बाई भेटल्या.

जुन्या कॅमेरावाल्याने पत्ता दिला. याच गावात, नदीपलीकडच्या एका सभागृहात त्या वर्ग घेतात. धाकट्याने गाडीतून नेलं. जिना पुन्हा बसून उतरले.

वर्ग कसला, तर पडण्याचा! वयस्कर माणसांना पडायचं कसं ते शिकवतात. आत गेले तेव्हा साठी-सत्तरीची माणसं गाद्यांवर धपाधप पडत होती आणि हसत होती. एका आजी म्हणाल्या, "मला आजवर सगळ्यांनी सांगितलं पडू नका, पडू नका. कसं पडा ते सांगणाऱ्या ह्या पहिल्याच."

बाईंचं वय आता साठीच्या आसपास. केस पांढरे, पण आखूडच, नाक तेच. माझं लक्ष त्यांच्या चालण्यावर. चाल सरळ, दोन्ही पायांवर सारखा भार, खुब्यात दोष म्हणून नाही. वर्ग संपल्यावर ओळख करून दिली. खेळाचं नाव काढल्यावर त्या आधी मोठ्याने हसल्या.

"अगं बाई, ते अजून आहे? मी कधी बघितलंच नाही. आमच्याकडे कुठला संगणक!"

"तुमच्या खुब्याचं पुढे काय झालं?" मी विचारलं.

"कुठल्या खुब्याचं?"

मी त्यांना गादीवर झोपवून दोन्ही पाय तपासले. हो, कुबड्या बाजूला ठेवून, गुडघ्यावर बसून तपासले. धाकटा लाजेने भिंतीकडे बघत होता. खुबे विशीतल्या मुलीचे असावेत तसे. मी चक्रावलेच. त्यांना तिसऱ्या भागाबद्दल सांगितलं: ते थांबणं, ते बाजूवर कलंडणं. त्या उठून बसल्या.

"आता काळजी नाही," मी म्हटलं. "ते सगळं दुरुस्त करतायत. दुसऱ्या भागातल्या तुमच्या चांगल्या उड्या तिथे बसवणार."

"मग तिसऱ्यातल्या?"

"त्या जाणार."

त्यांनी एक गादी गुंडाळायला घेतली. नीट झाली नाही म्हणून उलगडली, पुन्हा गुंडाळली.

"जाऊ देत," म्हणाल्या. "जुनं झालं." मग दारापर्यंत आल्या आणि विचारलं, "सगळ्याच जाणार का? एखादीसुद्धा राहणार नाही?"

खेळाडू मंडळींना दुखापत झाली होती हे कबूल करायची लाज वाटते. माझ्या दवाखान्यात रोज बघते. पण मग खुब्यावर त्याची खूण का नाही? काहीतरी माझ्या हातून सुटतंय.

शनिवार, १२ एप्रिल

प्लास्टर निघालं. पाय वाळक्या काकडीसारखा दिसतो. डॉक्टर म्हणाले हाड छान जुळलंय, उभ्या राहा. मी म्हटलं, उद्यापासून. ते हसले. घरी नवराही म्हणाला, उभी राहून बघ. त्याला समजावलं की स्नायूंना आधी जाग यावी लागते, ह्या गोष्टी शास्त्राने करायच्या असतात. जिना बसूनच चढले. हे सावधपण आहे, भीती नाही.

रविवार, १३ एप्रिल

धाकटा, भावजय आणि त्यांची तान्ही जेवायला आले होते. जेवणानंतर धाकटा आणि मी पुन्हा ती चित्रणं लावून बसलो. मी त्याला दाखवत होते की बघ, इथे कंबर, इथे पाय. भावजय बाळाला खांद्यावर थोपटत मागून फेऱ्या मारत होती. एकदा थांबली. जरा बघितलं आणि खुदकन हसली.

"अहो ताई, ह्यांना दिवस गेलेत ना!"

"कुणाला?"

"ह्यांना. पडद्यावरच्या. चौथा-पाचवा महिना असेल. मी गेल्या वर्षी पलंगावरून अशीच उतरत होते, आठवतंय ना हो तुम्हाला?" हे धाकट्याला. धाकट्याने मान हलवली, पण त्याला काही आठवत नव्हतं हे स्पष्ट दिसत होतं.

मी चित्र थांबवलं. हात कमरेशी नाहीच. हात पोटावर आहे.

नवरा आतून म्हणाला, "मला वाटलंच होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू निदान केलं होतंस."

पंचवीस वर्षं हा धंदा करतेय मी. पोट टेकवत नाही, ढगळ शर्ट, उलट्या, डोळ्यांत पाणी. सगळं स्वतःच्या हाताने इथे लिहून ठेवलंय. मागची पानं वाचवत नाहीत.

सोमवार, १४ एप्रिल

आणि त्या उड्या माझ्यामुळे जाणार आहेत.

सकाळीच धाकट्याला फोन केला: थांबव. पण तो कुणाला काय सांगणार? दुसऱ्याच्या पोटातली गोष्ट बाईंना न विचारता कंपनीभर कशी करायची? त्याने दिग्दर्शिकेला इतकंच सांगितलं की तिसरा भाग होता तसा ठेवू. ती म्हणाली, "कारण?" ह्याला कारण देता येईना. ती म्हणाली, "लोक बटण दाबतात आणि खार उभी राहते. विनाकारण अडखळणं मी ठेवू शकत नाही. पुढच्या सोमवारी ह्या भागातले बदल बंद होतायत, तोवर कारण असेल तर आण."

वाईट नाही ती बाई. मीच तिला पटवलं होतं.

बुधवार, १६ एप्रिल

एकटी गेले, रिक्षा करून. वर्ग संपला होता. मी दारातूनच म्हटलं, "खुबा नव्हता. माझं चुकलं."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "कुणी ओळखलं?"

"भावजयीने."

"पोर आहे का तिला? मग बरोबर." आणि बाजूचं स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं. "बस."

पहिल्यांदाच 'बस' म्हणाल्या, 'बसा' नाही.

मग सांगितलं. सर्कस बंद पडली होती. नवरा जहाजावर स्वयंपाकी, वर्षातून दोनदा घरी. हे काम मिळालं, ते आवडलं. रिकामं गोदाम, खाली गाद्या, आणि टाळ्या वाजवायला कुणी नसूनही उडावंसं वाटायचं. तिसऱ्या भागाच्या तोंडावर दिवस राहिले. सांगितलं असतं तर दुसरी कुणी आणली असती. "म्हणून शर्ट घातला नवऱ्याचा. एवढे पुरुष होते तिथे, एकालाही कळलं नाही. एक म्हणाला, बाई, जरा जड झालात, कमी खा."

"भीती नाही वाटली?"

"डॉक्टरणीला विचारलं होतं. ती म्हणाली, पंधरा वर्षं रोज उडतेयस, अंगाला सवय आहे. पोटावर पडू नकोस, वरच्या झुल्यावर जाऊ नकोस आणि दुखलं की थांब. म्हणून बाजूवर पडायचं शिकले. आता हेच इथे शिकवते."

मी म्हटलं, मग लपवायचं कशाला? ही तर मुलीला अभिमानाने सांगायची गोष्ट आहे.

त्या मग म्हणाल्या, "चौथ्या भागाला मला बोलावलं नाही. मुलगी झाली, मी तयार बसले होते, रोज वाट बघितली. त्यांनी माझ्या जागी एक लहान पोरगी घेतली. मग मुलगी मोठी झाली, विचारायला लागली, आई तू कसरत का सोडलीस? मी सांगितलं, तू येणार कळलं त्याच दिवशी सोडली, तुझ्यासाठी. मला कुणी बोलावलं नाही हे सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. एकदा सांगितलं की मग दरवेळी तेच सांगावं लागतं."

मुलगी आता क्रेन चालवते. उंच मनोऱ्यावरच्या पिंजऱ्यात बसून खालचं लोखंड वर उचलते. एका मोठ्या बंदरातून तिला बोलावणं आलंय, खूप दूर. ती जात नाही. म्हणते, तू माझ्यासाठी सगळं सोडलंस, मी तुला सोडून कशी जाऊ?

"आणि मी गप्प बसते," बाई म्हणाल्या. "तिने राहावं असं मलाही वाटतंच की."

मी त्यांना दिग्दर्शिकेचं, सोमवारचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "कंपनीला नंतर. आधी तिला." रविवारी मुलीला घेऊन माझ्या घरी येते म्हणाल्या, आपल्या घरी सांगायला तोंड उघडणार नाही.

मी निघायला कुबड्या घेतल्या तर म्हणाल्या, "पाय बरा झालाय ना तुझा?"

"स्नायूंना अजून—"

"मला स्नायू सांगू नकोस. दारातून आलीस तेव्हाच दिसलं. त्या स्टुलावरून गादीवर पड."

मी समजावलं की मी व्यावसायिक आहे. त्यांनी माझ्या खांद्याला एक बोट लावलं. मी पडले. बाजूवर, मांडी, मग खांदा, अगदी खारीसारखी. काही मोडलं नाही. त्या म्हणाल्या, पुन्हा. पाचसहा वेळा पडल्यावर मला हसू आवरेना. घरी जिना उभ्याने चढले, कठडा धरून. नवऱ्याने दार उघडलं आणि शहाण्यासारखा काहीच बोलला नाही.

सोमवार, २१ एप्रिल

काल लिहायला जमलं नाही. आधी आजचं उरकते: धाकट्याचा फोन आला. बाईंच्या परवानगीने त्याने दिग्दर्शिकेला कारण सांगितलं. तिने ते चित्रण पुन्हा लावलं, शेवटपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "ठेवा." लोक कुरकुर करतील त्याचं काय, असं कुणीतरी विचारलं. "करू देत," म्हणाली.

आता काल.

दोघी सकाळी आल्या. मुलगी आईपेक्षा वीतभर उंच, दणकट मनगटं, आवाज मोठा. चढताना जिन्याच्या मधल्या पोकळीतून वाकून खाली बघत आली. उंचीवर काम करणाऱ्यांची खोड असावी. तिला वाटत होतं की आईच्या जुन्या कामाचं कौतुक आहे म्हणून बोलावलंय. आधी दुसरा भाग दाखवला. ती खूश. "आई, ही तू? एवढी चपळ?" मग तिसरा. ती पडद्याजवळ सरकली. एका लांब उडीशी खार थांबली, हात पोटाकडे गेला.

"इथे तुला बरं नव्हतं का?"

बाई म्हणाल्या, "इथे तू होतीस."

त्यांनी मला सांगितलं होतं ते सगळं सांगितलं, चौथ्या भागासकट. काही गाळलं नाही. धाकटा आणि मी स्वयंपाकघरात जायला निघालो, तर बाईंनीच हाताने बसा म्हणून खुणावलं.

मुलगी उठून खिडकीशी गेली. पाठमोरी म्हणाली, "मी शाळेत सहलीला जायचे नाही. तुला माहितीये? तुझे पैसे आणि वेळ माझ्यावर आधीच गेलाय असं वाटायचं. कशाला हट्ट करायचा म्हणून गप्प बसायचे."

"हो."

"हो काय? माहीत होतं?"

"माहीत होतं."

"आणि तरी बोलली नाहीस."

बाईंनी बचाव केला नाही. मला वाटलं मुलगी आता निघून जाणार. ती दाराकडे न जाता माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिने कंट्रोलर उचलला. "कसं उडवायचं हिला?"

मी दाखवलं. क्रेन चालवणारे हात. बोटं अचूक, पण तिला घाई. खार एकदा पडली, दुसऱ्यांदा पडली. मुलगी बटणावर बटण दाबत होती आणि रागाने तिचे कान लाल झाले होते.

"अगं, थांब!" बाई एकदम ओरडल्या. "लगेच नाही उडत ती. मी थांबायचे तिथे."

"कशाला थांबायचीस?"

"तू लाथ मारायचीस. उडीची वेळ झाली की नेमकी. तुझं होऊ द्यायचे, मग उडायचे."

मुलीचा अंगठा बटणावर तसाच राहिला. मग तिने दाबलं. खार थांबली, आणि तिच्याबरोबर आम्ही चौघंही थांबलो. मग ती उडाली आणि पलीकडे बाजूवर कलंडून नीट उतरली. मुलीने तिला पुढे नेलंच नाही. खारीचं तोंड फिरवलं आणि तिला त्याच दरीवरून पुन्हा उडवलं, मग इकडून परत तिकडे. तिसऱ्या-चौथ्या वेळेला ती हसायला लागली. डोळे पुसत होती, पण हसत होती. धाकटा नाक शिंकरायला आत गेला, सर्दी झालीय म्हणाला. संध्याकाळी बरा होता.

जाताना मुलगी माझ्याशी नीट बोलली, आईशी नाही. मला वाटलं, घडी विस्कटली ती विस्कटलीच. दार लावणार होते, पण खालून तिचा मोठा आवाज आला आणि मी तशीच उभी राहिले. दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकू नये हे मला कळतं.

"खरं सांग. चौथ्या भागाला बोलावलं असतं तर गेली असतीस?"

"गेले असते."

"मी तान्ही असताना?"

"तुला शेजारणीकडे ठेवून. धावत गेले असते."

पावलं थांबली. मला वाटलं, आता पुन्हा भांडण. मग मुलीचा आवाज, जरा हळू: "मग मी बंदरावर जाऊ का?"

बाईंनी उत्तर द्यायला वेळ घेतला. मी कठडा धरून वाकले, पण त्या दोघींचे फक्त कठड्यावरचे हात दिसत होते, एक वरच्या पायरीशी, एक खालच्या.

"जा," बाई म्हणाल्या. "आणि मी तुझ्यासाठी काही सोडलं असं तिथे कुणाला सांगू नकोस."